दव आणि ऊन: रतनवाडीच्या शिबिराचे चार दिवस

पावसाळ्यात भिजायची तयारी ठेवूनच माणूस डोंगरात जातो आणि पौषात स्वेटर घ्यायला कुणी विसरत नाही. फसवतो तो अश्विन. आभाळ निळं, रान हिरवं, वाटा कोरड्या, म्हणजे तंबू ठोकायला हाच महिना उत्तम असं वाटतं. प्रत्यक्षात दुपारी ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजून काढतं आणि पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास येतो. जमीन वरून टणक असते, पण वीतभर उकरली की ओल लागते. एका दिवसात दोन ऋतू असतात आणि तळ दोन्हींसाठी लावावा लागतो. या शिबिरातली बहुतेक कामं या एका गोष्टीभोवती फिरतात.

शिबिर अश्विन वद्य नवमी ते द्वादशी, मुक्काम रतनवाडी, तालुका अकोले. बारा ते सोळा वयाची चौदा मुलं, सहा मोठी माणसं, सात तंबू. तिथी मुद्दाम निवडलेली. कोजागिरीच्या आसपास चांदण्यामुळे तारे दिसत नाहीत आणि भंडारदऱ्याला गर्दीही फार. नवमीपासून पुढे चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, त्यामुळे संध्याकाळपासून काळंकुट्ट आभाळ मिळतं. द्वादशीनंतर गावात दिवाळी सुरू होते. तेव्हा पाहुण्यांनी आपल्या घरी जावं हे बरं.

पहिला दिवस, नवमी

मुंबईकडून येणाऱ्यांनी कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून आधी ठरवलेली जीप घ्यायची: इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी. पुण्याकडून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. रेल्वेत गॅसचं सिलिंडर किंवा रॉकेल नेता येत नाही. त्यामुळे शेगडी घरून आणली तरी सिलिंडरची सोय इकडेच करावी लागते, आणि ती फोनवर आठवडाभर आधी पक्की करायची. कांदे, टोमॅटो, दूध शेंडीतच घ्यावं. पुढे रतनवाडीत किराणा मिळतो, पण वीस माणसांना पुरेल असा नाही.

शेंडीला भंडारदऱ्याचं धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आहे. या दिवसांत जलाशय काठोकाठ असतो आणि नवख्या माणसाला तंबू पाण्याला लागूनच लावावासा वाटतो. तसं करू नये. पहिलं कारण म्हणजे रात्री डोंगरावरची गार हवा उतारावरून घरंगळत येते आणि सगळ्यात खोलगट जागी, म्हणजे काठावर, साचते. तिथे वर पाचपन्नास पावलांवर असतो त्याहून गारवा आणि दव दोन्ही जास्त. दुसरं, आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलं, की काठचं पाणी ओसरतं आणि उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा असतो. मुलं पहाटे तोंड धुवायला जातात आणि गुडघाभर रुततात.

आपला तळ काठापासून वर, एका वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीच्या शेतात. भाताची खाचरं अजून उभी असतात, त्यात पाय टाकायचा प्रश्नच नाही. मालकाला विचारून, त्याने दाखवलेल्या मुरमाड तुकड्यावरच तंबू. बाजूला हिरड्याचं झाड आहे. झाडाच्या अगदी खाली तंबू लावला तर दव कमी पडतं हे खरं, पण पावसाळ्यात कुजलेल्या फांद्या याच दिवसांत खाली येतात. शिवाय वर आग्या मोहोळ आहे का हे मान वर करून नीट बघितल्याशिवाय तिथे उभंही राहू नये. मधला मार्ग असा की झाड तंबूच्या पूर्वेला, दहा-बारा पावलांवर येऊ द्यायचं. सकाळचं कोवळं ऊन तासभर उशिरा आलं तरी चालतं, पण नऊनंतर तंबूची भट्टी व्हायला लागते तेव्हा सावली कामाला येते.

चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू तीन माणसं आणि त्यांच्या पिशव्यांपुरताच असतो, म्हणून वीस जणांना सात. उभारण्याचा क्रम ठरलेला. आधी जमिनीवरून हात फिरवून खडे आणि कापलेल्या नाचणीचे खुंट काढायचे. मग खाली प्लास्टिक. हे प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं आत दुमडलेलं हवं. बाहेर राहिलेली कड म्हणजे पन्हळच: आउटरवरून, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या कापडावरून ओघळलेलं दव त्या कडेवर पडतं आणि थेट पाठीखाली जातं. मध्यरात्री तंबूला खालून पाणी लागलं अशी तक्रार येते, तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण हेच निघतं.

खुंट्यांची खरी परीक्षा या मातीत होते. वरचा थर उन्हाने कडक झालेला, खाली ओल, आणि त्याखाली लगेच कातळ. खुंटी चार बोटं जाते आणि ठणकन आवाज येतो. दगडाने हाणत राहिलं तर ती वाकते. ती काढून अर्धा हात सरकवायची आणि डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवून पुन्हा ठोकायची. दोनदा अडली तर खुंटीचा नाद सोडावा. वीतभर लांबीची जाड काटकी घ्यायची, ताणाचा दोर तिच्या मधोमध बांधायचा, काटकी जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोरावर नारळाएवढे दोन-तीन दगड रचायचे. वारा दोर ओढतो तेव्हा काटकी दगडांना अडते. दोर सरळ दगडालाच गुंडाळला तर रात्री सुटतो, कारण दवाने नायलॉन सैल पडतो.

तो सैल पडतो म्हणूनच ताणाच्या दोराला सरकती गाठ हवी. दोर खुंटीभोवती फिरवून परत आणायचा, ताणलेल्या दोरावर खुंटीच्या बाजूने दोन वेढे द्यायचे, मग त्यांच्या वर, तंबूच्या बाजूला एक वेढा देऊन टोक ओढायचं. हाताने सरकवली की सरकते, ओढ पडली की आवळते. निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तंबूचे दोर एकदा ताणून घ्यायचे. आउटर सैल झाला की इनरला, म्हणजे आतल्या कापडाला चिकटतो, आणि चिकटला की आतली वाफ तिथेच पाणी होऊन गळते. एक माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून कपभर पाणी सहज हवेत सोडतो. तीन माणसं म्हणजे तीन कप. ते बाहेर जायला वाट हवी, म्हणून जाळी बंद आणि कापडी दार वरून हातभर उघडं. मुलं थंडी वाजते म्हणून सगळं गच्च लावून घेतात आणि सकाळी भिजलेल्या स्लीपिंग बॅगा दाखवायला येतात.

जाळीची चेन मात्र बोटभरही उघडी नको. पावसाळा सरताना साप, विंचू, इंगळ्या कोरड्या जागेच्या शोधात असतात. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते आणि बरेचदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळताना त्रास झाला, तर अपचन समजून ओवा देत बसायचं नाही. सरळ रुग्णालय. सर्पदंशाची लस सगळ्यात जवळ कुठे आहे आणि रात्री कुणाची जीप निघू शकते, या दोन गोष्टी पहिल्या दिवशी तंबू लागण्याआधी विचारून कागदावर लिहिलेल्या असाव्यात. १०८ चा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण मोबाइलला रेंज कुठल्या चढावर मिळते ते गावातल्या पोरांनाच ठाऊक असतं.

पश्चिमेला रतनगड उभा, त्यामुळे पंचांगातला सूर्यास्त सहाचा असला तरी तळावर त्याच्या कितीतरी आधी सावली येते. अंधाराआधी दोन कामं उरकायची. पहिलं पाण्याचं. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर, म्हणजे रोज शंभर लिटर, पन्नास-पन्नासच्या दोन पिंपांत. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचं आणि पिण्याचं खळखळ उकळायचं. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या तर आधी गाळणं आणि नंतर अर्धा तास थांबणं, दोन्ही हवंच. गढूळ पाण्यात गोळी टाकली की तिचा बराचसा जोर गाळावरच खर्च होतो.

दुसरं काम चुलीचं. हे सगळं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. ते १९८६ साली जाहीर झालं. जंगलातून काटकीसुद्धा उचलायची नाही. सरपण गावातून विकत घ्यावं, शेतमालक देतो. ओढ्यातले गुळगुळीत दगड चुलीला दिसायला छान, पण ते आतून पाणी प्यालेले असतात आणि तापल्यावर फुटतात. मुरमातले, उन्हात पडलेले कोरडे धोंडे घ्यावेत. चुलीभोवती दोन पावलांचं गवत काढून माती उघडी करायची. गवत अजून हिरवट दिसतं, पण शेंडे वाळलेले असतात आणि एक ठिणगी पुरते.

पहिल्या रात्री खिचडी. वीस जणांना दोन किलो तांदूळ, एक किलो मूगडाळ, नऊ ते दहा लिटर पाणी, मीठ आधी पोह्याचे पाच चमचे आणि मग चवीने. लाकडाच्या आचेवर मोठं पातेलं खालून करपतं, कारण जाळ सगळा मधोमध लागतो. एक उकळी आली की लाकडं ओढून घ्यायची, निखारे पसरायचे आणि थोडे झाकणावर ठेवायचे. वीस मिनिटं हात लावायचा नाही. ढवळत राहणाऱ्याच्या हातूनच खिचडी लागते. सोबत कारळ्याची चटणी. इकडे कारळ्याला खुरासणी म्हणतात आणि येताना रस्त्याकडेला जी पिवळी शेतं दिसली ती तिचीच.

दुसरा दिवस, दशमी

रतनगड. समुद्रसपाटीपासून उंची १२९७ मीटर. पहाटे पाचला उठून साडेसहाला वाटेला लागायचं. नाश्ता पोहे: दोन किलो जाडे पोहे, किलोभर कांदा, पाव किलो दाणे, तीनशे मिली तेल. पोहे चाळणीत धरून फक्त भिजवायचे. पातेल्यात भिजत घातले की वीस माणसांचा लगदा तयार.

पाठीवर माणशी तीन लिटर पाणी. वर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. ऑक्टोबरच्या उन्हात बारा वर्षांचं मूल तहान लागेपर्यंत पाणी पीत नाही आणि तहान लागते तेव्हा उशीर झालेला असतो. दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी थांबून चार घोट, असा नियमच ठेवावा. एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अशी एक बाटली प्रत्येक मोठ्या माणसाजवळ. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, आणि गवतातल्या गोचिडांसाठी पँट मोज्यांत खोचलेली.

वाट गावाच्या टोकाला अमृतेश्वराच्या देवळापासून निघते. देऊळ शिलाहारकालीन, भूमिज शैलीतलं. नीट बघायला परतीचा वेळ राखून ठेवावा. पुढे वाट प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. नदी याच डोंगरात उगम पावते. इथे घसरतात ते ओल्या दगडावरून कमी, वाळत आलेल्या शेवाळावरून जास्त. शेवाळ वाळलं की काळं पडतं आणि दगडाचाच रंग वाटतं. पाय पडला की साल सुटावी तसं सुटतं. करड्या खरखरीत दगडावर पाय द्यायचा, काळ्या गुळगुळीत दगडावर नाही, एवढं मुलांना सांगितलं की पुरतं.

मग कारवीचं रान. सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते. एरवी या दिवसांत नुसती डोक्याच्या वर वाढलेली खरबरीत हिरवी भिंत असते. घरांचे कूड याच काठ्यांचे. कारवीत वारा लागत नाही आणि उकाड्याने मुलांचे चेहरे लाल होतात, म्हणून हा टप्पा आठच्या आत पार व्हायला हवा. रानात राणी पाकोळी हमखास दिसते, काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेली मोठी पाकोळी. २०१५ पासून ती महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. वाटेला फाटा फुटतो तिथे एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते. ती सोडून उजवीकडे चढायचं. कारवी वाढलेली असली की फाटा सहज हुकतो. गावातला वाटाड्या घ्यावा.

वर लोखंडी शिड्या. हिशोब सोपा आहे: एका वेळी एका शिडीवर एकच माणूस, माणशी दोन मिनिटं, वीस माणसं, म्हणजे एका शिडीला चाळीस मिनिटं. शनिवार-रविवारी समोरून उतरणारा घोळका आला तर दीड तास. शिडी चढताना तोंड कड्याकडे, उतरतानाही कड्याकडेच. हातात काठी, गळ्यात लटकणारा कॅमेरा, मोबाइल काही नको. प्रत्येक पायरीला आधी हात, मग पाय. शिडीच्या तळाशी थांबणाऱ्यांनी थेट खाली उभं राहायचं नाही, वरून खडे येतात. आणि कड्याला मोहोळं लटकलेली असतात, म्हणून अत्तर, सेंट, आरडाओरडा, धूर सगळं वर्ज्य.

गणेश दरवाजातून आत गेल्यावर गुहा आणि रत्नादेवीचं ठाणं, मग हनुमान दरवाजा, राणीचा हुडा हा बुरूज, टाकी. सोनकी खाली सुकत आली असली तरी गडमाथ्यावर अजून पिवळे ठिपके सापडतात. सगळ्यात वर नेढं. डोंगराला आरपार पडलेल्या भोकात बसलं की समोर अलंग, मदन, कुलंग, एका बाजूला कळसूबाई, दुसरीकडे कात्राबाई, खाली खुट्ट्याचा सुळका, पलीकडे आजोबा आणि कोकण. पावसाने धुतलेल्या हवेत हे डोंगर इतके जवळ दिसतात की मुलं कळसूबाईला संध्याकाळपर्यंत जाऊन येऊ म्हणतात. नेढ्यातला वारा मोठा आणि जागा थोडी. एका वेळी सहा जण.

बारा वाजता परत फिरायचं, यात सूट नाही. हस्ताचा पाऊस सरला तरी चित्रा-स्वातीचा कधी येईल सांगता येत नाही. तो दुपारीच येतो आणि विजा घेऊन येतो. सकाळभर तापलेली हवा घाटमाथ्यावर चढते. अकराला कापसाचा पुंजका दिसतो, दोनला त्याचाच काळा डोंगर झालेला असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी नेढं, बुरूज आणि लोखंडी शिड्या या तीन जागा सगळ्यात वाईट, आणि परतीची वाट तर शिड्यांवरूनच आहे. म्हणून ढग भरून येण्याआधी शेवटचा माणूस शिडीखाली हवा. तेवढ्यात जमत नसेल तर हुडा गाळावा.

तीनपर्यंत तळावर. चहा: दोन लिटर पाणी, एक लिटर दूध, पन्नास ग्रॅम पावडर, दोनशे ग्रॅम साखर, बोटभर आलं. मग गोचीड-तपासणी. काखा, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे. गोचीड लागलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, चुना, काडी ओढून चटका हे उपाय नकोत, त्याने ती आणखी ओकते. घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरांना गवतात हिंडल्याचं आवर्जून सांगायचं. पावसाळ्यानंतर स्क्रब टायफसचे रुग्ण असतात, तो चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या चाव्यामुळे होतो आणि वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

तिसरा दिवस, एकादशी

या दिवशी सांधणदरी का नाही, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. साम्रदजवळची ती अरुंद घळ जवळच आहे आणि तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण दिवाळीच्या तोंडावर आतल्या कुंडांत पाणी बाकी असतं, ऊन पोचत नाही म्हणून ते बर्फासारखं गार, आणि वर घाटात कुठे सर पडली तर लोंढा याच फटीतून येतो. आत शिरलेल्याला बाजूला व्हायला जागा नाही. ती मार्गशीर्षानंतरची जागा.

त्याऐवजी भातकापणी. दव वाळल्याशिवाय भात कापत नाहीत. ओली पेंढी रचली की आतून तापते आणि दाणा काळपट होतो. म्हणून नऊ वाजता खाचरात. इकडे काळभातासारखी जुनी वाणं अजून लावतात. ती टिकवण्यासाठी पद्मश्री मिळालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच तालुक्यातलं. विळा दातेरी, उजव्या हातात. डाव्या हाताने चुडाची मूठ धरताना अंगठा वर, करंगळी खाली. अंगठा खाली करून धरलं की हात विळ्याच्या वाटेत येतो. विळा आपटायचा नाही, करवतीसारखा आपल्याकडे ओढायचा. चार बोटं धसकट ठेवून कापायचं आणि लोंब्या एका बाजूला येतील अशी मूठ मागे ठेवत जायची. कापल्याचं ठिकाण दिसावं म्हणून एकमेकांत चार हातांचं अंतर. मुलांनी दोन तास कापलं तर मालकाचं अर्धं खाचर होतं, आणि पुढचा तास मालकीण मुलांनी वाकड्यातिकड्या ठेवलेल्या मुठी सरळ करते. मदत म्हणून मिरवू नये. इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतावर मदतीला आलेली माणसं याहून चौपट कापतात. भात दोन-तीन दिवस तसाच उन्हात राहतो, मग भारे बांधून खळ्यावर जातो. या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर वर्षाची मेहनत खाचरात उगवते. आदल्या दुपारचा तो काळा ढग इथे कुणीही गंमत म्हणून बघत नाही.

खाचरात ओल असते, पायाला जखम असेल तर त्या मुलाने बांधावर बसून पेंढ्या मोजाव्यात. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा धोका असतो. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुणं सगळ्यांना सक्तीचं.

बारा ते साडेतीन काही करायचं नाही. तंबूत तर मुळीच जायचं नाही, आत चाळिशीच्या वर जातं. हिरड्याखाली सतरंजी, ताक, काकडी. साडेतीननंतर नकाशा आणि होकायंत्र. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशापेक्षाही कमी, त्यामुळे वजाबाकी-बेरीज शिकवत बसावं लागत नाही. पण होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नये. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोह आहे आणि काही दगडांशी काटा चक्क सरकतो. मुलांना हे सांगण्याऐवजी दोन-तीन धोंड्यांवर ठेवून बघायला लावावं.

संध्याकाळी एकादशीचा उपास असणाऱ्यांना आणि नसणाऱ्यांनाही रताळी, ओल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा माती जाईपर्यंत धुऊन, मिठाच्या पाण्यात अर्धा तास. रताळी जाळात टाकली तर बाहेर कोळसा, आत कच्ची. जाळ विझल्यावर राखेत पुरून वर निखारे, पाऊण तास.

आठ वाजता सगळे विजेरीबंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ती घालवतो. विजेरीवर लाल जिलेटिनचे दोन पदर रबराने लावलेले असावेत. दव साडेआठपासून पडायला लागतं. उताणं झोपून आकाश बघायचं तर खाली मॅट आणि अंगावर प्लास्टिक, नाहीतर नऊला सगळे शिंकत तंबूत.

सुरुवात ध्रुवापासून. रतनवाडी साडेएकोणीस अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून साडेएकोणीस अंशच वर. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश. उत्तरेला दोन मुठी रचल्या की वरच्या मुठीवर तो. मुलांना हे पटत नाही, मग प्रत्येक जण मोजतो. पश्चिमेला अभिजित, श्रवण आणि हंसातला तेजस्वी तारा यांचा त्रिकोण कलायला लागलेला. दक्षिणेला एकटाच चमकणारा मीनास्य. आणि साडेनऊच्या सुमाराला बरोब्बर डोक्यावर शरदातलं मुख्य चित्र: महाश्वाचा चौकोन. त्याची पश्चिमेची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेची म्हणजे उत्तरा भाद्रपदा. पंचांगात रोज वाचलेली ही दोन नक्षत्रं बहुतेकांनी आभाळात कधी शोधलेली नसतात.

चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीची माळ निघते. कोपऱ्यापासून दुसरा ठळक तारा धरायचा, तिथून शर्मिष्ठेच्या दिशेला वळून दोन मंद तारे चढायचे. दुसऱ्याच्या शेजारी एक धुरकट डाग दिसतो. सरळ बघितलं तर नाहीसा होतो, किंचित बाजूला नजर ठेवली की परत येतो. कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर. साध्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात लांबची. शहरातून ती दिसत नाही, आणि इथे कोजागिरीला आलो असतो तरी दिसली नसती. पूर्वेला तोवर कृत्तिका बरीच वर आलेली असते. मृग डोंगरावरून डोकावायला साडेदहा-अकरा वाजतात. तेवढा वेळ जागणारी चार-पाचच मुलं उरतात, त्यांना चहा द्यावा.

चौथा दिवस, द्वादशी

पहाटे तंबूतून बाहेर आलं की गवत पांढुरकं, जलाशयावर धुकं आणि आउटर पावसात उभा केल्यासारखा. रात्री बूट आत घेतले नसतील तर तळवे ओले. सवयीने सगळ्यांना लवकर आवरून निघायचं असतं, पण ओला तंबू गुंडाळता येत नाही. गुंडाळलाच तर घरी पोचेपर्यंत वास येतो, आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि शिवणीवरची पट्टी सुटते. आउटर आधी काढून झटकायचा, उलटा करून दोरीवर टाकायचा. इनरमधलं सामान काढून तो खुंट्यांसकट तसाच उभा ठेवायचा, म्हणजे तळ वाऱ्याने सुकतो. शेवटी तळाचं प्लास्टिक, त्याच्या खालच्या बाजूला विंचू असतो, म्हणून कड धरून लांबून उलटवायचं. ऊन झाडावरून तळावर यायला साडेआठ, सगळं कोरडं व्हायला दहा. परतीची जीप अकराआधी बोलावू नये.

या मोकळ्या वेळात चुलीची राख पाणी ओतून, हाताला गार लागेपर्यंत कालवायची आणि दगड होते तिथे परत टाकायचे. ओला कचरा मालक सांगेल त्या खड्ड्यात, प्लास्टिक परत शेंडीपर्यंत. उष्टं तळाजवळ टाकलं तर आधी कुत्री येतात, मग कुत्र्यांमागे बिबट्या.

गावात आज वाघबारस. शहरात आपण वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. इकडे महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये त्याच दिवशी वाघोबाला पुजतात. गुरं त्याच्या रानात चरतात, म्हणून. गुराखी घराघरांतून शिधा मागतात, ठाण्यावर शेंदूर लावतात, तिथेच रांधून नैवेद्य दाखवतात. पोरं तळावरही आली. उरलेले तांदूळ, डाळ, गूळ त्यांच्या टोपलीत. कुणी बोलावलं नसताना ठाण्यावर कॅमेरे घेऊन जाऊ नये.

मग खुंट्या. सात तंबू, प्रत्येकी बारा, एकूण चौऱ्याऐंशी. पहिल्या दिवशी मोजून दिल्या, आज मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तरी सगळ्यांनी हातभर अंतराने ओळीत उभं राहून शेत ओलांडायचं, एकदा उभं, एकदा आडवं. गवतातली खुंटी माणसाला दिसत नाही आणि भात उचलला की या शेतात गुरं सोडतात.